रेशन कार्ड आणि आमचा फॉर्म: दोघांची गाठ कशी घालायची

गोवंडीच्या शिवाजीनगरात एका मावशींच्या दारात उभी राहून मी विचारलं, "रेशन मिळतं का?" त्या म्हणाल्या, "नाही मिळत." मी 'नाही'ला गोल केला आणि पुढच्या दाराकडे वळले. तीन महिन्यांनी त्याच घराचा कार्ड नंबर दुकानाच्या नोंदींशी ताडून पाहिला, तर दर महिन्याला २५ किलो धान्याची उचल. कार्डावर पाच युनिट, माणशी पाच किलो, हिशोब अगदी बरोबर. मग खोटं कोण बोलत होतं, मावशी की मशीन?

पुन्हा गेले. कार्ड सासूच्या नावावर. सासू धाकट्या दिराकडे मानखुर्दला. थंब तीच लावते आणि धान्यही तिकडेच जातं. मावशींच्या डब्यात त्यातला दाणा पडत नव्हता. म्हणजे दोघंही खरं सांगत होते. नोंद सांगत होती की व्यवहार झाला. मावशी सांगत होत्या की त्यांना मिळालं नाही.

सरकारी नोंद आणि सर्व्हेतलं उत्तर एकाच ओळीत आणून कोणती योजना कुणापर्यंत पोचते हे कसं बघायचं, ते इथे लिहिते आहे. मी फॉर्म-पेन घेऊन दारोदार फिरण्यापासून सुरुवात केली, आता बराच वेळ कॉम्प्युटरसमोर जातो. वाचणारे तुम्ही बहुधा एखाद्या संस्थेत असाल, हाताशी स्वतःचा सर्व्हे असेल, आणि एखाद्या खात्याकडून यादी मिळण्याची आशा असेल. उदाहरण रेशनचं घेते, कारण मुंबईत मी त्यावरच जास्त घाम गाळला आहे. निराधारचे पैसे, श्रावणबाळ, लाडकी बहीण, सगळीकडे कृती साधारण हीच.

आधी हे पटवून घ्या की जोडणं खरंच हवं आहे

नुसत्या सर्व्हेला दोन दुखणी असतात: लोक विसरतात आणि लोक लपवतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ब्रूस मायर आणि निकोलस मिटाग यांनी तिथल्या मोठ्या सर्व्हेतली माणसं खात्यांच्या नोंदींशी जोडली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नधान्यासाठीची सरकारी मदत, घेणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक सर्व्हेतून सुटले होते, रोख मदत घेणाऱ्यांपैकी ६० टक्के, आणि घरभाड्याची मदत घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त. नोंदी जोडल्यावर या योजनांनी गरिबी किती कमी होते याचा आकडा जवळपास दुप्पट झाला. हे आकडे उचलून गोवंडीला लावायचे नाहीत. पण सर्व्हेत 'नाही' लिहिलं म्हणजे नाहीच, हा माझा भ्रम त्यांनी मोडला.

आपल्याकडे लपवायला कारणं भरपूर. लाडकी बहीण जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये देते. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार मिळत असतील तर अपात्र. आता निराधारचे पैसे घेणाऱ्या बाईच्या दारात गळ्यात ओळखपत्र घातलेली अनोळखी पोरगी येते आणि विचारते, "कोणकोणत्या योजनेचे पैसे येतात?" ती काय सांगेल? "तुम्ही त्याच ऑफिसातल्या ना?" हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे की उत्तर मी झोपेतही देईन.

नोंदींचंही तसंच. नोंदीत फक्त आत असलेले दिसतात. जे पात्र असून बाहेर राहिले, त्यांचं नावगाव तिथे नाही. पात्र असलेल्यांपैकी किती जणांना मिळतं, हे काढायचं तर वरचा आकडा नोंदीतून आणि खालचा सर्व्हेतून घ्यावा लागतो. म्हणून गाठ घालायची.

हाताशी स्वतःचा सर्व्हे नसेल तर नसती खटपट करू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीचा घरनिहाय डेटा मिळतो, पण नावपत्ता काढून. तो कुणाशी जोडता येत नाही आणि येऊ नये. त्यावर गोळाबेरीज मात्र करता येते: सर्व्हेवरून राज्यात किती किलो रेशन घरात आलं असं दिसतं आणि खातं किती वाटलं म्हणतं, हा ताळा. स्वतःचा सर्व्हे असला तरी मी आधी हा ताळाच करते. दोन्हीकडच्या बेरजा मुळातच जवळ असतील तर जोडणीत सहा महिने घालायचे की नाही, याचा विचार करता येतो.

फॉर्म छापायच्या आधी

जोडणी फॉर्म छापताना सुरू होते. डेटा आल्यावर जोडू असं म्हणणारे पुढे वर्षभर कपाळावर हात मारत बसतात. त्यांच्यात एकदा मीही होते.

पहिली गोष्ट परवानगी. फॉर्मच्या शेवटी, सगळे कंटाळलेले असताना विचारलं तर नकार जास्त येतो असा माझा अनुभव. रेशनचे प्रश्न झाले की लगेच विचारा, विषय डोक्यात असतो. आमचं वाक्य असं होतं: "तुमच्या रेशन कार्डाच्या सरकारी नोंदी घेऊन आम्ही तुमच्या उत्तरांना जोडू का? नाही म्हणालात तरी तुमच्या रेशनवर काही फरक पडणार नाही. हो म्हणालात तरी जास्त काही मिळणार नाही." शेवटचं वाक्य आमच्यातल्या एका सर्वेक्षक पोरीने घालायला लावलं. हो म्हटलं की बंद पडलेलं कार्ड चालू होईल, अशी आशा लोक धरतात. ती आशा वापरून सही घेणं ही फसवणूक आहे. आणि परवानगी घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची घ्या. नवऱ्याने सगळ्यांच्या वतीने मान हलवली, एवढ्याने भागत नाही.

दुसरी गोष्ट, लोकांच्या तोंडातले शब्द. "आपण अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबात मोडता का?" याला उत्तर नाही, फक्त चेहरा मिळतो. "कार्ड पिवळं की केशरी की पांढरं?" याला मिळतं. पण केशरी म्हणजे धान्य मिळतं असं नाही, म्हणून लगेच पुढचा प्रश्न: "गेल्या महिन्यात दुकानातून किती किलो आणलं? कार्डावर किती युनिट चढलेत? अंगठा कोण लावतं? धान्य शिजतं कुठे?" हा शेवटचा प्रश्न शिवाजीनगरच्या मावशींची देणगी. त्याआधी आमच्या फॉर्ममध्ये तो नव्हता.

तिसरी गोष्ट, नावं कार्डावर आहेत तशी उतरवा. घरी जिला सगळे बेबी म्हणतात ती कार्डावर सुरेखा असते. लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव विचारा, कारण पुष्कळ जणींचं नाव अजून माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. कार्ड कुठल्या गावचं आहे ते विचारा. एक देश एक रेशन कार्डमुळे लातूरच्या किंवा बिहारच्या कार्डावर मुंबईतल्या दुकानातून धान्य मिळू शकतं. ते घर तुमच्याकडच्या मुंबईच्या यादीत दिसणार नाही, आणि रेशन तर घेत असेल.

कार्डाचा बारा अंकी नंबर दोनदा लिहून घ्या, एकदा वाचून आणि एकदा उलट तपासून. आधार नंबर मागूच नका. त्याची गरज नाही, आणि तुमच्या कपाटातून तो बाहेर पडला तर निस्तरायला त्या घरालाच जावं लागेल.

खात्याकडे काय मागायचं

मुंबईत रेशनचा कारभार शिधावाटप नियंत्रकांच्या हाताखाली चालतो. खाली शिधावाटप कार्यालयं, त्याखाली दुकानं. पत्र वरच द्या आणि लेखी करार करा. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २७ सांगतं की रेशनव्यवस्थेच्या नोंदी लोकांना पाहता आल्या पाहिजेत. ते कलम दुकानावर नजर ठेवण्यासाठी आहे. यादी भिंतीवर लागली म्हणून ती आपल्या सर्व्हेतल्या आजाराच्या, कर्जाच्या उत्तरांना शिवून टाकायची मुभा त्यातून मिळत नाही. तेवढ्यासाठी घराची परवानगी आणि खात्याशी करार, दोन्ही हवेत.

पत्रात "लाभार्थ्यांची यादी द्यावी" एवढंच लिहिलंत तर आजची यादी मिळेल. तुमचा सर्व्हे झाला असेल दीड वर्षापूर्वी. मधल्या काळात आजी गेली, नातू चढला, कार्ड रद्द झालं. म्हणून सर्व्हेच्या महिन्याची स्थिती मागा आणि बंद झालेली कार्डं तारखेसह मागा. हे न मागितल्यामुळे आमच्या एका कामात बंद कार्डांची घरं "कधीच रेशन नव्हतं" या खान्यात जाऊन बसली होती. शिवाय कार्डाचा प्रकार, सगळ्या युनिटांची नावं-वयं, दुकानाचा क्रमांक, महिनावार उचल आणि व्यवहार कुणाच्या अंगठ्यावर झाला ते मागा. कोणता रकाना म्हणजे काय, हे सांगणारा कागदही मागा. तो बहुधा नसतोच. मग ज्या क्लार्ककाका रोज ती यादी उघडतात त्यांच्याजवळ तासभर बसा. "ही शून्यं म्हणजे धान्य नाही घेतलं की मशीन बंद होतं?" असे प्रश्न त्यांनाच सुटतात.

जुन्या महिन्यांचा डेटा असेल तर एक खाच लक्षात ठेवा. कोविडकाळात एप्रिल २०२० पासून डिसेंबर २०२२ पर्यंत नेहमीच्या धान्याशिवाय माणशी पाच किलो मोफत धान्य वेगळं मिळत होतं, आणि मध्ये डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ त्याला खंड होता. त्या काळात एका घराचे एका महिन्यात दोन व्यवहार असतील तर ते दुबार नोंद समजून उडवू नका. जानेवारी २०२३ पासून नेहमीचंच धान्य मोफत झालं, त्यामुळे पावतीवरच्या रकमेवरून ओळखायची जुनी युक्तीही गेली.

फाइल आली की डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. बारा अंकी नंबर एक्सेल २.७२ई+११ असा दाखवतं, आणि कुणी तशीच ती सीएसव्ही (साधी मजकुराची फाइल) करून जतन केली की शेवटचे अंक गेले. मग अख्ख्या दुकानाच्या कार्डांचा नंबर एकच. तो रकाना मजकूर म्हणून आयात करा आणि मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत वापरा.

नावं, आणि नावांची भानगड

बारा अंकी नंबर दोन्हीकडे नीट असेल तर अर्धं काम एका दुपारी होतं. उरलेलं अर्धं नावांवर अडतं. सगळ्यात जास्त वेळ याला ठेवा.

पहिला घोळ लिपीचा. काही याद्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत येतात, काही जुन्या फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टमधलं 'जाधव' युनिकोडमध्ये उघडलं की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, ते आधी बदलून घ्या. युनिकोडमध्येही डोळ्यांना सारखं दिसणारं अक्षर आतून वेगळं असतं. 'मोऱ्या'तला ऱ्य दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो, 'ॲ' दोन तऱ्हांनी. शिंदे कुठे अनुस्वाराने, कुठे 'शिन्दे' असे अर्ध्या न ने. तुम्हाला एकच माणूस दिसतो, कॉम्प्युटरला दोन. आधी सगळं एका साच्यात आणा, अदृश्य जोडचिन्हं काढून टाका.

दुसरा घोळ रोमनमधून मराठीत आणि मराठीतून रोमनमध्ये झालेल्या प्रवासाचा. वाघमारे कुणी डब्ल्यूने सुरू करतो, कुणी व्हीने. ज्ञानेश्वर मराठी माणूस डी-एन-वायने लिहितो आणि हिंदी माणूस जी-वायने. कांबळेंचा 'ळ' रोमनमध्ये गेला की परत येताना 'ल' होऊन येतो. यंत्राने उलट लिप्यंतर केलेली यादी आली तर वाघचा 'वग्ह' झालेला सापडेल. हसू येतं, पण त्या वग्हांचं रेशन जुळत नाही.

परदेशी पुस्तकं इथे साउंडेक्स वापरा म्हणतात, म्हणजे सारख्या उच्चाराच्या नावांना एकच खूण, एकच चावी द्यायची. ती युक्ती १९१८ साली अमेरिकेत पेटंट झाली, इंग्रजी नावांसाठी. ती पहिलं अक्षर तसंच ठेवते, त्यामुळे डब्ल्यूचे वाघमारे आणि व्हीचे वाघमारे तिच्या लेखी दोन वेगळी घराणी. आपण आपली चावी करावी. माझी अशी: मात्रा गाळायच्या, श-ष-स एक, ण-न एक, ळ-ल एक, अनुस्वाराचा न, महाप्राण अल्पप्राण करायचे म्हणजे घचा ग आणि धचा द, शेवटची 'बाई', 'ताई', 'राव' कापायची. ही चावी फक्त संशयित जोड्या गोळा करायला वापरा. निकाल द्यायला ती फार ढोबळ आहे, 'राम' आणि 'रमा' यांतही तिला फरक दिसत नाही.

तिसरा घोळ नावाच्या रचनेचा, आणि मुंबईत तो मोठा. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, ही चौकट घेऊन आम्ही फॉर्म केला. गोवंडीत ती पहिल्याच गल्लीत मोडली. शेख कुणाच्या नावाच्या आधी, कुणाच्या नंतर. मोहम्मदचे मोहंमद, मो., मोहद. उत्तर भारतातल्या कितीतरी बायकांना आडनाव म्हणून नुसतं देवी किंवा खातून. तमिळ घरांत पुढे एक आद्याक्षर, बस. अशा नावांचे तुकडे करा, क्रम विसरा आणि तुकड्यांचा संच संचाशी ताडून पाहा.

चौथी गोष्ट जन्मतारीख. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून किती जणांची आहे याची कल्पना जोडणी करणाऱ्यालाच येते. दोन सुनीता जाधव, दोघींची १ जून, म्हणजे एकच बाई असं धरलंत तर फसाल. आणि वय विचारलं की लोक चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असं सांगतात. वयात दोन-तीन वर्षांची ढील ठेवा, म्हाताऱ्यांसाठी पाचाची.

पत्त्यावर फार जीव टाकू नका. 'रूम नं. ४, मशिदीच्या पाठी' हा पत्ता पोस्टमनसाठी आहे. कितीतरी कार्डांवर अजून परळची चाळ असते आणि घर नालासोपाऱ्याला. पिन कोड आणि दुकान क्रमांक एवढाच भाग कामाचा.

माणसाला माणूस जोडू नका, घराला घर जोडा

आमचा पहिला प्रयत्न फसला तो कुटुंबप्रमुखाला कुटुंबप्रमुख जोडल्यामुळे. कायद्याने रेशन कार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई प्रमुख असते. आमच्या फॉर्मवर दार उघडणाऱ्याने सांगितलेला प्रमुख, म्हणजे बहुतेक वेळा बाप्या. सासूला जावयाशी जुळवत बसल्यासारखं ते झालं.

मग सगळी युनिटं एकत्र धरून पाहिलं. घरातली पाचपैकी तीन नावं एका कार्डावर सापडली तर ते घर त्या कार्डाचं, मग प्रमुख कुणीही असो. एकटी 'सुनीता' शंभर ठिकाणी जुळते, पण सुनीता, तिचा ओंकार आणि तिची प्रणाली एकत्र फार ठिकाणी सापडत नाहीत. एक मेख इथेही आहे. सर्व्हेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे, कार्डावर कुटुंब म्हणजे चढलेली युनिटं. एका घरात दोन कार्डं आणि एका कार्डावर दोन घरं, दोन्ही होतं. एकास एक जोडणीचा हट्ट धरू नका. जोडणीचं वेगळं कोष्टक ठेवा, त्यात एक घर कितीही कार्डांना बांधता येईल. आमच्याकडे कुणीतरी थेट मुख्य फाइलमध्येच विलीन केलं होतं, आणि सकाळी पाहिलं तर घरं वाढलेली. झोपडपट्टी रात्रीत वाढते म्हणतात, तशी.

गुण कसे द्यायचे

सगळ्यांना सगळ्यांशी ताडून बघणं शक्य नसतं. सर्व्हेत साडेचार हजार माणसं आणि यादीत दोन लाख, तर जोड्या होतात ९० कोटी. म्हणून आधी गट पाडा: त्याच दुकानाचे, किंवा त्याच पिन कोडमधले, किंवा नावाची चावी सारखी असलेले. एकाच निकषावर गट पाडलात तर त्या निकषात चूक असलेली माणसं कायमची सुटतात. दोन-तीन निकषांवर वेगवेगळे गट पाडा आणि सगळ्यांचे निकाल एकत्र करा.

गुण द्यायची रीत इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्ये मांडली, आणि ती अजून सगळ्यांच्या पोटात आहे. दोन प्रश्न विचारायचे. खरोखर तीच व्यक्ती असेल तर हा रकाना किती वेळा जुळेल? आणि भलत्याच दोन व्यक्ती असतील तर योगायोगाने किती वेळा जुळेल? पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. समजा आडनाव खऱ्या जोडीत १०० पैकी ९० वेळा जुळतं. जाधव वस्तीत ५० मागे एक असतील तर योगायोगाने २ टक्के वेळा जुळेल. ९० भागिले २ म्हणजे ४५ पट. सरपोतदार ५,००० मागे एक असतील तर तेच जुळणं ४,५०० पट. लॉगॅरिदम दोनच्या पायाने घेतला तर जाधवला साडेपाच गुण, सरपोतदारला बारा. स्त्री-पुरुष जुळलं तर जेमतेम एक गुण, पण नाही जुळलं तर साडेचारहून जास्त वजा. जन्ममहिन्याला साडेतीनच्या आसपास, पण तो जून असेल तर गुरुजींची आठवण ठेवून बरेच कमी. सगळ्या रकान्यांची बेरीज केली की जोडीचा एकूण गुण.

हातानेच करायला पाहिजे असं नाही. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयात तयार झालेलं स्प्लिंक हे सॉफ्टवेअर पायथॉन या संगणकभाषेत मोफत आहे, आर ही भाषा वापरत असाल तर फास्टलिंक. दोन्ही हेच गणित करतात. देवनागरी त्यांना आपोआप कळेल अशी आशा मात्र ठेवू नका, साफसफाई आपलीच.

वरच्या गुणांच्या जोड्या पक्क्या, खालच्या बाद, मधल्या डोळ्यांनी तपासायच्या. मधल्यांसाठी दोन माणसं बसवा, एकमेकांचं न बघता. शक्य तर त्यातली एक त्या वस्तीत फिरलेली असावी. आमच्याकडे एका जोडीवर कॉम्प्युटरने आणि मीही काट मारली होती, फॉर्म भरलेली पोरगी म्हणाली, "ताई, ही तीच. नवरा वारला, आता ती भावाच्या कार्डावर आहे." पक्क्या धरलेल्यांतूनही शे-दीडशे उचलून तशाच तपासा आणि किती चुकल्या ते अहवालात लिहा.

जे जुळले नाहीत त्यांचं काय करायचं

सगळ्यात महागडी चूक इथे होते. नाव यादीत सापडलं नाही की लोक सरळ लिहितात: लाभ नाही. पण न सापडणं आणि न मिळणं या दोन गोष्टी आहेत.

हिशोब करून बघा. समजा हजार घरं, ७०० जुळली, त्यांपैकी ५६० घरांची त्या महिन्यात उचल आहे. न जुळलेल्या ३०० ना 'लाभ नाही' म्हटलं तर प्रमाण ५६ टक्के. त्यांना वगळून टाकलं तर ८० टक्के. ती सगळीच घेत असतील तर ८६. एकाच डेटातून ५६ ते ८६, आणि प्रत्येक आकड्यावर वेगळा मथळा होतो. मी आता आधी ही दोन टोकं छापते, मग मधला अंदाज.

मधला अंदाज काढायचा तर न जुळलेले कोण आहेत ते बघावं लागतं. सर्व्हेची उत्तरं तर त्यांचीही आपल्याकडे आहेत. माझ्या कामांत त्यांच्यात हमखास कोण सापडतं सांगते: नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, टाकलेल्या आणि विधवा बाया, बाहेरगावचं कार्ड असलेले, भाड्याने राहणारे आणि दरवर्षी खोली बदलणारे, आणि ज्यांचं नाव मराठी क्लार्कच्या कानाला अनोळखी असतं ते. कार्डावर नाव चढवून घ्यायला ज्यांना सगळ्यात जास्त खेटे घालावे लागतात, तेच आमच्या जोडणीतूनही आधी गळतात. त्यामुळे जुळलेल्यांमधलं प्रमाण साऱ्या वस्तीचं म्हणून सांगणं बरोबर नाही. कुठल्या प्रकारचं घर जुळण्याची शक्यता किती, हे काढून त्याच्या उलट प्रमाणात भार द्या. आणि तीसेक न जुळलेल्या घरांत स्वतः परत जा. एक दिवस लागतो, आणि महिनाभराच्या मॉडेलपेक्षा जास्त समजतं.

पात्रतेबद्दलही एक सावधगिरी. शहरात प्राधान्य कुटुंबाची, म्हणजे माणशी पाच किलो धान्य मिळणाऱ्या घराची, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये. बाराने भागा: महिना ४,९१७. मुंबईत खोलीचं भाडं देऊन घर चालवणारं कुठलंही कुटुंब याच्या वर जातं. सर्व्हेतलं उत्पन्न या मर्यादेशी ताडून "इतके टक्के अपात्र लोक धान्य खातात" असं लिहायला पाच मिनिटं लागतात. त्यात माणसांपेक्षा मर्यादाच जास्त मोजली जाते. मी तो तक्ता करते, पण सोबत मर्यादा दुप्पट आणि तिप्पट धरून आणखी दोन तक्ते ठेवते.

नावांची फाइल

नावं एका माणसाकडे, उत्तरं दुसऱ्याकडे. जोडणी करणारीला कुणाला क्षय आहे, कुणावर कर्ज आहे हे दिसता कामा नये. विश्लेषण करणाऱ्याला नाव दिसता कामा नये. दोघांमध्ये फक्त एक निरर्थक क्रमांक. कार्ड नंबरचा नुसता हॅश करून, म्हणजे सूत्राने त्याचं अगम्य अक्षरांत रूपांतर करून, झाकला असं समजू नका. बारा अंकी क्रमांक म्हणजे फार तर एक लाख कोटी शक्यता, सगळ्यांचा हॅश काढून उलगडता येतो. त्यात गुप्त मजकूर मिसळा आणि तो मजकूर तिसऱ्याकडे ठेवा. फाइल कधी नष्ट करायची ती तारीख करारातच घाला. वॉट्सअपवर यादी फिरवायची नाही, "फक्त आजच्यापुरती" सुद्धा नाही.

आणि करारात आणखी एक कलम पहिल्या दिवशीच घाला. एका कामाच्या शेवटी आम्ही निष्कर्ष दाखवायला गेलो. चहा झाला, तक्ते पाहिले, सगळे खूश. मग साहेब म्हणाले, "हे छान झालं मॅडम. आता जे जुळत नाहीत आणि ज्यांचं उत्पन्न जास्त निघालं, त्यांची तेवढी यादी पाठवून द्या." त्यांच्या दृष्टीने ते कामाचंच बोलत होते, कार्डं तपासायला घेतली असती. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला जी सवलत आहे ती याच अटीवर, की त्या डेटावरून कुणा एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही. माझ्या पिशवीत कराराची प्रत होती. सातव्या कलमावर बोट ठेवलं: नाव, नंबर किंवा घर ओळखता येईल असं काहीही खात्याला परत जाणार नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं, म्हणाले, "यावर सही माझीच आहे की," आणि दुसरा चहा मागवला.